एवढीच गाणी मावतात

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसून टाकलं. आमचं ईट गाव काही एवढं मोठं न्हाय, एकट्या बाईबद्दल चार ओळी लिहिल्या की चार तोंडं त्याचं भलतंच करून ठेवतात. पण काल ती स्वतःच म्हणाली, "लिही गं, माझं आता काय जायचंय?" म्हणून लिहितेय, एका दमात. चुका झाल्या तर झाल्या.

तिचं नाव पार्वतम्मा. आमच्या शेजारची. गावात मात्र ती पारूबाई, अण्णाराव वाण्याची पारूबाई. पार्वतम्मा हे नाव माहेरचं, उमरग्याच्याही पल्याड, कर्नाटकाच्या शिवंवरच्या एका खेड्यातलं. तिथं चुलीपासून देवापर्यंत सगळं कानडीत. लग्न होऊन आली ती पार ह्या टोकाला, भूम तालुक्यात, जिथं कानडीचं एक अक्षर कुणाला येत न्हाय. सासरची माणसं पण शिवाचीच, गळ्यात लिंग, सोमवारचा उपास, सगळं तेच. सोयरीक जुळवणारे म्हणाले, देव एकच हाय, मग अडचण कसली? देवाशी बोलायची अडचण तिला कधी आलीच न्हाय. माणसांशी आली.

सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "हे बघ, घरात ते यंडुगुंडू बोलायचं न्हाय. पोरं बिघडतील." पोरं अजून व्हायची होती! पार्वतम्मानं ऐकलं. मराठी शिकली, भांडण्यापुरती तर फारच चांगली शिकली. फक्त किराणा दुकानात माप घालताना मनात आकडे कानडीतच यायचे आन ओठ हलायचे. गिऱ्हाईकं हसायची, "वाणीण मापावर मंत्र टाकतीया बघ."

अशी दहा-बारा वर्षं गेली. आन मग एका बाजाराच्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन स्टँडकडनं येत होती, तर लिंबाखाली एक नवीन माणूस दुकानाच्या फळ्या ठोकत होता. हातोडी बसली अंगठ्यावर. तो ओरडला, "हाळागी होग!"

म्हणजे वाटोळं होवो तुझं. कानडीत. हातोडीला.

पार्वतम्मा जागच्या जागी उभी राहिली. पिशवीतली वांगी कलंडली तरी तिला कळलं न्हाय. इतक्या वर्षांत इथं कुणी तिला कानडीत 'ये' म्हणलं नव्हतं, 'जेव' म्हणलं नव्हतं, आन डोळ्यात पाणी आलं ते एका शिवीनं. तिनं पदर सावरला आन विचारलं, "यावूर्री निम्दु?" कुठलं गाव तुमचं?

त्या माणसाच्या हातातनं हातोडीच पडली.

ते शरणप्पा. तिकडचेच, उमरग्याकडच्या मुरूम गावच्या बाजूचे. बायको इकडची, म्हणून इथं येऊन कॅसेटचं दुकान टाकत होते. ते पण घरात मराठीच बोलायचे, कारण बायकोला कानडी येत नव्हती आन पोराला त्यांनी शिकवली न्हाय.

झालं. घरी अण्णारावांनी टेपरेकॉर्डर आणला. बायकोला काय पाहिजे ते बरोब्बर कळलं असावं त्यांना, मोठा दिलदार माणूस. म्हणायचे, "जा, एखादी कॅसेट आण. चार दिवस तरी तुझं तोंड गोड राहतंय." शरणप्पा माल भरायला सोलापूरला गेले की हिच्यासाठी दोन-तीन कानडी कॅसेटी आणायचे. भजनं, लग्नातली गाणी, जात्यावरची गाणी. आन दुकानाची रीतच होती, ऐकल्याशिवाय कॅसेट द्यायची न्हाय. स्टूल पुढं सरकवायचे, अर्धी बाजू वाजवायचे. ती ऐकायची, मग दोघं कानडीत वाद घालायची.

"दुसरं कडवं खाल्लं ह्यानं."

"खाल्लं न्हाय, पार्वतम्मा. तुमच्या गावात जास्तीचं म्हणत असतील."

"आमच्या गावात? तुमच्या मुरूमवाल्यांना कडव्यांची कंजुषी!"

बास. एवढंच. चहा, एक कॅसेट, थोडं भांडण. मधी रस्त्यावरनं सगळा बाजार जात असायचा आन कुणी कधी वाकडं बोललं न्हाय, कारण बाई गिऱ्हाईक होती. वाण्याची बायको दुकानात वस्तू घ्यायला बसली, त्यात बोलण्यासारखं काय?

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, सीड्या पण गेल्या. अण्णाराव वारले. शरणप्पांची बायको वारली. लिंबाखालच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकायला लागली, चार्जर, इअरफोन, रिचार्ज. पण पार्वतम्मासाठी त्यांनी एक छोटा डबा आणला, बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड घातलं की वाजणारा. दर बाजारी ती पदराच्या गाठीतनं ते कार्ड सोडायची, शरणप्पा कॉम्प्युटरला लावायचे, जुनी गाणी काढायचे, नवी भरायचे. वीस रुपये.

"आणखी चार टाका की हो."

"बसत न्हाईत. लहान कार्ड हाय, ह्यात एवढीच मावतात."

"मग मोठं द्या."

"मोठं तुमच्या डब्याला चालत न्हाय."

मग पुढच्या बाजारी परत.

विधवा झाल्यावर तर तो बाजार म्हणजे तिचा आठवड्यातला एकच दिवस होता. किराणा दुकान बंद केलं होतं, घरात एकटी. आम्ही शेजारी होतो, पण आम्ही म्हणजे काय, "आजी, जेवली का?" एवढं विचारून पळणारे. ती "व्हय" म्हणायची. बाकीचे सहा दिवस तो डबा बोलायचा आन ती ऐकायची. बाजाराच्या दिवशी ती बोलायची.

आता इथनं पुढचं लिहिताना मला राग येतो, पण कुणाचा ते कळत न्हाय. विरेशकाकाचा तर मुळीच येऊ नये. विरेशकाका तिचा मुलगा, पुण्याला असतो, आईवर जीव हाय त्याचा. उन्हाळ्यात आला तेव्हा त्यानं बघितलं, आई भर उन्हात चप्पल घालून निघाली.

"कुठं?"

"कार्ड भरायला."

"आई, पैसे देऊन गाणी कोण भरतं गं आता? सगळं फुकट हाय नेटवर!" त्यानं कार्ड घेतलं, लॅपटॉपला लावलं आन मोठ्यानं हसला. "अगं, ह्यात हजार गाणी बसतील! वीसच टाकलीत. तो म्हातारा तुला फसवतोय इतकी वर्षं."

पार्वतम्मानं पायातली चप्पल काढून ठेवली.

एका दुपारीत त्यानं शेकड्यानं कानडी गाणी उतरवून त्या कार्डात भरली. वर नवा मोबाइल दिला. "हे बटण दाबायचं, तोंडानं सांगायचं, पाहिजे ते गाणं लागतं." आईला दोनदा करून दाखवलं, पाया पडला आन पुण्याला गेला.

संध्याकाळी पार्वतम्मानं बटण दाबलं. काय सांगावं कळेना. मग हळूच विचारलं, "ऊटा आत्री?" जेवण झालं का?

मोबाइल थोडा वेळ गरगरला आन त्यानं कुठलंतरी लग्नाचं गाणं लावलं, ढोल-ताशासकट. ती हसली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा पण हसली. मला न्हाय हसू आलं.

खरी गोष्ट पुढं हाय. बाजाराचा दिवस आला. आन ती शरणप्पांच्या दुकानाकडं गेली न्हाय.

मला आधी वाटलं, फसवलं म्हणून रागावली. तसं नव्हतं. कार्डात हजार मावतात हे तिला कळलं, म्हणजे शरणप्पा वीसच का टाकायचे ते पण कळलं. तोवर ती गिऱ्हाईक होती, पदराला वीस रुपये बांधून ताठ मानेनं जायची. आता गेली तर कशाला गेली? गाण्यांचा तर घरात खच पडलाय. रिकाम्या हातानं एका विधवेनं एका विधुराच्या दुकानात स्टुलावर बसायचं? लोकांचं सोडा, तिची तिलाच लाज वाटली. एवढं वय झालं, पण लाज काही वय बघत न्हाय.

तर ती बाजाराला गेली आन मागच्या गल्लीनं परत आली. पुढच्या बाजारी तसंच. एकदा लांबनं शरणप्पा दिसले म्हणे, दुकानाच्या बाहेर उभे, कपाळावर हात धरून रस्त्याकडं बघत. ती जोंधळ्याच्या पोत्यांआड उभी राहिली. ते आत जाईपर्यंत.

तिनं ते कार्ड खराब करायचा पण प्रयत्न केला. हो! भांड्यात पाणी घेऊन बुडवलं. वाळल्यावर वाजलं. लोणच्याच्या मिठात पुरलं. वाजलं. "मेलं मरतच न्हाय," म्हणायची. कार्ड मेलं असतं तर जाता आलं असतं ना. असे पाच-सहा बाजार गेले.

मग एके दिवशी कोथिंबीर घेताना भाजीवाल्या कमलबाईनं सहज सांगितलं, "शरणप्पाला लकवा मारला की वं. अंगावरनं वारं गेलं. सोलापूरला दाखवून आणलं, पर तोंड वाकडं झालंय. येड्यावानी बडबडतोय, घरच्याला एक सबूद कळंना."

पार्वतम्मानं कोथिंबीर तिथंच ठेवली. आन पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती काहीही विकत घ्यायचं नसताना सरळ रस्त्यानं गेली. दुकानावरनं, बंद शटरवरनं, पुढं त्यांच्या घरात.

सून मंजुषा दारातच होती, रडवेली. "या आजी. बघा की कसं झालंय. डॉक्टर म्हणले वाचा यायला वेळ लागंल. सारखं काहीतरी म्हणतेत आन आम्हाला समजंना. मग चिडतेत."

शरणप्पा बाजेवर होते. डोक्यावर पंखा गरगरत होता, बाजूला आणखी एक टेबलफॅन लावलेला. उन्हाळा ना, म्हाताऱ्याला गार लागावं म्हणून. अर्धं तोंड ओढलेलं. त्या तोंडातनं लाळेबरोबर शब्द येत होते, तुटके, लडबडलेले, पण शब्द.

"चळी... चळी आगतद..."

"बघा, झालं सुरू," मंजुषा म्हणाली. "उकडत असंल. थांबा मामा, पंखा वाढवते."

"अगं बंद कर तो!" पार्वतम्मा ओरडली. "थंडी वाजतीया त्यांना! थंडी वाजतीया म्हणतेत!"

मंजुषाचा हात बटणावर तसाच राहिला. शरणप्पांचा मुलगा सिद्धाराम आतनं पळत आला. "काय म्हणले?"

"कानडी बोलतोय तुझा बाप. मराठी गेली असंल त्या झटक्यात. कानडी राहिली."

चार दिवस, अहो चार दिवस तो माणूस थंडी वाजतीया म्हणून सांगत होता आन घरचे जीव लावून पंखा वाढवत होते. सिद्धाराम तिथंच खाली बसला. "आम्हाला कधी शिकवलीच न्हाय ओ त्यांनी," एवढंच म्हणाला. मंजुषानं गोधडी आणली.

पार्वतम्मा बाजेजवळ स्टूल ओढून बसली. इतका वेळ शरणप्पा तिच्याकडंच बघत होते. एक डोळा मिटत नव्हता, त्यातनं पाणी येत होतं, ते आजाराचं की कशाचं ती सांगू शकत न्हाय. मग त्यांनी ओठ जुळवायला सुरुवात केली. लई वेळ लागला.

"याक... याक बरलिल्ला?"

का आला न्हाईत?

"काय म्हणतेत आजी?" मंजुषा पुढं वाकली.

पार्वतम्मा म्हणाली, "पाणी मागतेत."

मंजुषा पाणी आणायला आत गेली. तेवढ्या वेळात हिनं काय उत्तर दिलं, ते मी विचारलं. तिनं सांगितलं न्हाय.

त्याला आता बरेच महिने झाले. पार्वतम्मा दर बाजारी त्यांच्या घरी जाते. लोक बोलतात का? बोलत असतील. मंजुषाच तिला न्यायला येते, त्यामुळं तोंडावर कुणी काही म्हणत न्हाय. ती तो डबा घेऊन जाते, त्या न मरणाऱ्या कार्डासकट. गाणं लावते. शरणप्पा ऐकतात. कडवं चुकलं की त्यांची बोटं गोधडीवर हलतात, पण वाद घालायला तोंडात शब्द येत न्हाईत. कधी एखादा येतो. कधी सगळा दिवस एक पण न्हाय. मग तीच दोघांच्या वाटचं भांडते, एकदा माहेराकडनं, एकदा मुरूमकडनं, आन मग घरी येते.

काल मी तिच्या ओट्यावर बसले होते. मी जाम बडबडी, विचारलं, "आजी, आता जातेस ना तू, बरं वाटतं ना मग?"

ती कार्ड बोटांत फिरवत होती.

"ते पाच-सहा बाजार हैत ना," ती म्हणाली, "तेव्हा ते चांगले बोलत होते. पूर्ण तोंडानं. मी पोत्यांआड उभी होते."

बास. एवढंच म्हणाली आन आत गेली. आत डबा लागला. बाहेर कुणी नव्हतं, मीच होते, आन मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

आज मी परत मोबाइल काढला आन लिहायला बसले. तुमच्या मनात हे वाचताना एखादं नाव आलं असंल. आलंच असंल. त्या माणसाकडं जा. काम नसताना जा, रिकाम्या हातानं जा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. फोन नको, मेसेज नको, गाण्याची लिंक तर नकोच नको. जाऊन समोर बसा. आन लवकर जा हो, ह्याच बाजाराला जा.