कूलरपुढचा रेडिओ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांना रेडिओबद्दल विचारलंत आणि ते न बोलता उठून गेले. ते तुमच्यावर रागावले नव्हते. सुट्टीत इथे आलात की तुम्ही पुन्हा विचाराल, म्हणून आधीच लिहिते.

निवृत्तीनंतर आजोबांनी दोन छोटे रेडिओ घेतले. ते कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमने चालतात. संदेश जात असतानाच दोन्ही रेडिओंनी सेकंदाला शेकडो वेळा फ्रीक्वेन्सी बदलायची, ठरलेल्या क्रमाने आणि अगदी एकाच क्षणी, असा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. एक रेडिओ किंचित मागे पडला तरी संदेश तुटतो.

यंदा उन्हाळ्यात त्यांना चक्कर आली. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग एक रेडिओ वरच ठेवून, दुसरा घेऊन ते खाली कूलरपुढे बसू लागले. सकाळी दोन्ही रेडिओंच्या आतली घड्याळं जुळवली की सगळं नीट चाले, दुपारी बिघडे. दुपारी त्यांनाही चक्करेवरच्या औषधाने ग्लानी येई, शब्द आठवत नसत. त्यांनी दोन्हींचा एकच अर्थ लावला.

"रेडिओ ठीक आहेत. माझंच डोकं चालेना."

"डोकं चालत नसतं, तर कालच्या आमटीत मीठ कमी होतं हे आज तिसऱ्यांदा ऐकवलं नसतं," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

आपणच कुठेतरी चुकलो असणार, म्हणून त्यांनी प्रोग्रॅममध्ये चूक शोधायला घेतली. चूक नव्हतीच, तर सापडणार कशी? एका दुपारी त्यांनी तो सगळा पुसून टाकला. "असलं काम मागे ठेवायचं नाही," एवढंच म्हणाले.

रविवारी तुमची आत्या आली. वरच्या रेडिओला लावलेला हात तिने झटकन मागे घेतला. खाली येऊन दुसरा चाचपला.

"बाबा, वरचा भाजतोय की. आणि हा इथं महाबळेश्वरला बसलाय. दोघांची घड्याळं जुळून कशी राहतील?"

उष्णतेने रेडिओतलं घड्याळ जरासं सरकतं, आणि इतक्या वेगात संदेश तुटायला तेवढंही पुरतं. तिला हे त्यांनीच शिकवलं होतं.

आजोबांनी कूलरपुढचा रेडिओ स्वतः चाचपून पाहिला. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"होतं की."

"आणि मी पुसलं."

त्यानंतर ते रेडिओजवळ बसलेले नाहीत.

वेगाचा प्रोग्रॅम गेला. आत्याच्या लॅपटॉपवर सुरुवातीची एक प्रत आहे, सेकंदाला एकदाच फ्रीक्वेन्सी बदलणारी. दोन्ही रेडिओ तिने आता खालीच, एका टेबलावर ठेवलेत, आणि ते त्या प्रतीवर चालतात.