चारदोन पुटकुळ्यांचं औषध

कारंजा-अकोला गाडीचे कंडक्टर माणिकराव इंगोले यांचा आवाज असा खणखणीत होता, की त्यांनी "कामरगाव!" म्हणून हाळी दिली की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस आपलं गाव नसतानाही उठून उभा राहायचा. कामरगाव हे माणिकरावांचं स्वतःचं गाव. बाप दुसऱ्याच्या वावरात राबून गेला. छप्पन साली वस्तीतल्या सगळ्या घरांनी बौद्ध धम्म घेतला, पण त्याच्या कितीतरी आधीच बापाने माणिकरावांना शाळेत घातलं होतं आणि मधेच काढलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहिलं. सातवी पास झाले, एस.टी.त लागले, खाकी कपडे आले, छातीवर बिल्ला आला. पोरगी विजयमाला तर मॅट्रिक झाली. वस्तीतून मॅट्रिक झालेली ती पहिली पोरगी.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तिला पाहायला रिसोडहून बबनराव बायकोला घेऊन आले. त्यांचा मुलगा पंचायत समितीत कारकून होता. पोहे झाले, चहा झाला, विजयमालाने विचारलेलं सगळं नीट सांगितलं. उठता उठता बबनरावांच्या बायकोने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"पोरगी पसंत हाये आमाले," ती म्हणाली, "पन हे तोंडावरचं तेवढं लग्नापर्यंत पाहून घ्या."

तोंडावरचं म्हणजे काय, तर गालावर आणि कपाळावर चारदोन पुटकुळ्या. त्या दिवसापर्यंत घरात कुणी त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. त्या दिवसापासून मात्र पंचफुलेला, म्हणजे विजयमालाच्या आईला, दुसरं काही दिसेना. हळद झाली, मसुरीच्या डाळीचं पीठ झालं. लग्न वैशाखात ठरलेलं. शेवटी माणिकराव सुटीच्या दिवशी पोरीला घेऊन गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथे राठोड डॉक्टर होते. हेमसिंग राठोड, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे, त्यांच्या तांड्यातून शिकून डॉक्टर झालेले पहिलेच. त्यांनी विजयमालाला खिडकीपाशी नेऊन गाल पाहिले आणि हसले.

"माणिकराव, हे मुरूम आहेत. या वयात मलाही होते. दिवसातून दोन वेळा साबणानं तोंड धुवायचं, नखानं फोडायचे नाहीत, तेल लावायचं नाही. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातील."

"अन् औषध?"

"वाढले तर लावायला मलम देईन. पण पोटात घ्यायचं औषध एवढ्याशासाठी देणार नाही. जोरदार औषध सगळ्या अंगावर काम करतं, नुसतं गालावर नाही."

माणिकराव रिकाम्या हाताने बाहेर पडले. रस्ताभर त्यांच्या मनात एकच घोळत होतं: हा हसला कायले? पाटलाची पोरगी असती तर हसला असता का? गोळ्या नाहीत, बाटली नाही, सुई नाही. सरकारी दवाखान्यातून आपल्या माणसांना असंच वाटेला लावतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. डॉक्टरही आपल्यासारखाच खालून वर आलेला, हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. आठवलं असतं तरी राग गेला नसता.

त्याच आठवड्यात ते तिला कारंज्याला नव्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे नवी पाटी होती, काचेचं कपाट होतं, पंखा होता. सरकारी दवाखान्यातून रिकामंच परत पाठवलं, हे माणिकरावांनी सांगितलं. डॉक्टरने टेबलामागूनच पाहिलं.

"लग्न आहे का?"

"व्हय. वैशाखात."

"मग काळजी सोडा. महिन्याभरात तोंड आरशासारखं होईल." त्याने चिठ्ठी लिहिली. "संपल्या की हीच दाखवून दुकानातून घेत जा. परत यायची गरज नाही."

गोळ्या पांढऱ्या, तिळापेक्षा थोड्या मोठ्या. एवढीशी गोळी काय काम करणार, असं पंचफुलेला वाटलं. पण गोळीने काम केलं. संक्रांतीच्या आधीच पुटकुळ्या बसल्या. विजयमालाला भूक लागू लागली. गालाची हाडं झाकली गेली, रंग उजळल्यासारखा वाटू लागला. पंचफुला शेजारणींना सांगायची, "पोरगी भरून राह्यली माही." माणिकराव ड्यूटी संपली की चिठ्ठी दाखवून नवी पुडी आणायचे आणि पोरीच्या हातावर ठेवायचे. राठोड डॉक्टर गाडीत भेटले तर ते त्यांच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत.

मग भरणं थांबेना. चेहरा गोल झाला, इतका की डोळे आत गेले. गाल लालबुंद. मानेच्या मागे मांसाचा गोळा आला. पोट पुढे आलं आणि हातपाय मात्र काटकुळे राहिले. ओठावर लव दाट झाली. छातीवर आणि पाठीवर नव्याच पुटकुळ्या उठल्या, आधीच्यांपेक्षा लाल आणि दाट. माणिकरावांनी कारंज्याला जाऊन सांगितलं, तर डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "एकाच्या दोन करा."

त्यांनी एकाच्या दोन केल्या.

होळीच्या सुमारास पंचफुला हापशीवर पाणी भरत होती. शेजारची चंपाबाई घागर बाजूला ठेवून जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "पंचफुले, राग नोको मानू. पोरीले कितवा महिना हाये?"

पंचफुलेच्या हातातली घागर खाली पडली. ती तशीच घरी आली, दार लावलं आणि विजयमालाला पदर बाजूला करायला सांगितलं. पोटावर जांभळ्या रेघा होत्या, ओल्या मातीला भेगा पडाव्या तशा. बाळंत झालेल्या बाईच्या पोटावर असतात तशाच. "अन् पाळी?" पंचफुलेने विचारलं. विजयमाला खाली पाहून म्हणाली, "पौष संपल्यापासून नाई आली, माय."

माणिकराव संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको भिंतीला टेकून बसलेली, पोरगी कोपऱ्यात. पंचफुलेने चार शब्दांत सांगितलं. माणिकरावांना वाटलं, आपल्या कानांनी काहीतरी भलतंच ऐकलं. त्यांनी खाकी शर्टाची वरची गुंडी सोडली, पुन्हा लावली. मग पोरीसमोर उभे राहिले.

"कोन हाये?"

"कोनी नाई, बाबा."

"विजे, मी मारत नाई तुले. नाव सांग फक्त."

"बाबा, कोनी नाई. कोनाचं नाव सांगू मी? मले तरी समजू द्या मले काय झालं ते!"

त्यांनी हात उचलला नाही. पण त्यांनी विश्वासही ठेवला नाही, आणि ते तिच्या लक्षात आलं. त्यानंतर घरात कुणी तिच्याशी बोलेना आणि तीही कुणाशी बोलेना.

अशी गोष्ट रिसोडला पोचायला वेळ लागत नाही. बबनराव एकटेच आले, ओट्यावरच उभे राहिले. "माणिकराव, आमी आमचा शब्द मांघारी घेतो. काहून, ते तुमालेच माईत," म्हणाले आणि पाणीही न पिता गेले. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर विजयमाला उठली, भिंतीतल्या देवळीतली गोळ्यांची पुडी घेतली आणि चुलीत टाकली.

"आता कोनासाठी खाऊ?" ती म्हणाली.

कुणी तिला अडवलं नाही. अडवण्यासारखं त्यात काही आहे, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. मग उलट्या सुरू झाल्या, आणि उलट्या पाहून पंचफुलेने कपाळावर हात मारून घेतला. तिची उरलीसुरली शंकाही फिटली. त्यानंतर एका सकाळी विजयमाला भिंत धरून उभी राहायला गेली ती चुलीपाशी कोसळली. अंग गार, घामाने चिंब, डोळे अर्धे उघडे. माणिकराव घरीच होते. त्यांनी हाक मारली, तिने ओ दिली नाही. शेजारी दारात जमले होते. कुणीतरी म्हणालं, "काई खाल्लं असन पोरीनं." माणिकरावांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि त्या सगळ्यांमधून वाट काढत दवाखान्याकडे धावले.

राठोड डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, नाडी धरली, दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला. त्यांचा चेहरा बदलला.

"कोण ही?"

"साहेब, विजयमाला हाये. माही पोरगी. तुमाले दाखवली होती."

डॉक्टरांनी मान वळवून पोरीकडे पाहिलं. ज्या गालांवर त्यांनी चार मुरूम पाहिले होते ते गाल आता त्यांना ओळखू येत नव्हते.

"हिनं काय घेतलं? कोणतं औषध?"

माणिकरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. घडीवर घडी पडून ती चिंधीसारखी झाली होती. डॉक्टरांनी वाचली आणि माणिकरावांना वाटलं, आता हे ओरडतील. पण त्यांचा आवाज अगदी लहान झाला.

"मुरमांसाठी? या गोळ्या मुरमांसाठी?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून."

"आणि आता?"

"फेकल्या तिनं. लगन मोडलं, म्हून."

"अरे देवा!" डॉक्टर म्हणाले आणि नर्सला हाका मारू लागले. सुई दिली, सलाइन लावलं. हात चालू ठेवून ते बोलत होते, अर्धं माणिकरावांशी, अर्धं स्वतःशीच. हे स्टिरॉइड. जीव जात असलेल्या दमेकऱ्याला द्यायचं औषध. अंगात एक रस आपोआप तयार होत असतो. महिनोन्‌महिने बाहेरून गोळी मिळाली की अंग तो रस बनवणं सोडून देतं. मग गोळी एकदम थांबली की माणसाजवळ आपलं असं काहीच उरत नाही. "हळूहळू कमी करावं लागतं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

माणिकरावांनी विचारलं, "साहेब, मंग ते... पोट? अन् त्या रेघा?"

"कसलं पोट? चरबी आहे ती. रेघाही त्याच गोळ्यांच्या. तोंड, मान, पोट, पाळी बंद होणं, सगळं त्याचंच." डॉक्टर एकदम थांबले. माणिकरावांच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या ध्यानात आलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

माणिकराव भिंतीला धरून खाली बसले. पोरगी खरं बोलत होती. सारखी खरं बोलत होती. आणि जिच्यामुळे ती खोटी ठरली ती गोळी त्यांनी स्वतः, दर वेळी, स्वतःच्या हाताने आणून तिच्या तळहातावर ठेवली होती. फाशीच्या माणसाला आपणच दोर वळून द्यावा आणि वर विचारावं, तुझा दम का कोंडतो?

"बसू नका," डॉक्टर म्हणाले. "अकोल्याला न्यायची आहे. आत्ता."

स्टँडवर रामकिसन ड्रायव्हरची अकोल्याची गाडी उभी होती. सलाइनची बाटली हातात उंच धरून नर्स चढली, मागोमाग विजयमालाला आणलं. माणिकराव पायरीवर उभे राहिले. प्रवाशांना काहीतरी सांगायचं होतं, पण सगळ्या तालुक्याला माहीत असलेला तो आवाज निघालाच नाही. मग रामकिसननेच मागे वळून सांगितलं, "बापहो, माणिकरावची पोरगी हाये. गाडी मधात थांबनार नाई. ज्याले उतरायचं त्यानं आताच उतरा." पुढच्याच गावाला जाणारी एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, "चालव बापा. मी येईन उलट गाडीनं."

विजयमाला वाचली. अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं, तर तीच गोळी पुन्हा सुरू केली, आणि ते पाहून माणिकराव नर्सच्या अंगावरच धावून गेले. मग त्यांना समजावून सांगितलं: ज्या जिन्याने वर चढवली त्याच जिन्याने एकेक पायरी खाली आणायची. ते उतरणं पुढच्या दिवाळीपर्यंत चाललं. चेहऱ्याची सूज ओसरली, पाळी परत आली. पोटावरच्या रेघा पांढुरक्या होऊन तशाच राहिल्या.

माणिकराव कारंज्याला त्या डॉक्टरकडेही गेले. टेबलावर चिठ्ठी आपटून म्हणाले, "तुमी मारली होती माह्या पोरीले." डॉक्टर थोडा दचकला, मग म्हणाला, "घाई तुम्हालाच होती, कंडक्टर. तुम्ही दुसरीकडून रिकामे आला होतात, म्हणून माझ्याकडे आलात." माणिकराव चार लोकांसमोर त्याला शिवी देऊन बाहेर आले.

खरी गोष्ट कळल्यावर बबनरावांनी निरोप पाठवला, की झालं गेलं विसरून जाऊ. पंचफुलेला पुन्हा आशा वाटू लागली. विजयमाला भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "माय, त्यायले सांग, मी शिकून राह्यली." अकोल्याच्या अध्यापक विद्यालयात तिचा नंबर लागला होता.

शहात्तरच्या पावसाळ्यात माणिकराव तिला सोडायला अकोल्याला गेले, त्या दिवशी ड्यूटीवर नव्हते. दोघं शेजारी बसले होते. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "विजे, मी त्या दिवशी तुले इचारलं... कोन हाये म्हून..."



"तुमी इचारलं तरी, बाबा," ती म्हणाली. "बाकीच्यायनं इचारलंबी नाई."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या. ते ती म्हणाली नाही. अकोल्याच्या स्टँडवर तिने आपली पेटी स्वतः उचलली आणि दुसऱ्या हाताने बापाची पिशवी घेतली. माणिकराव तिच्या मागे चालू लागले.