काही कमी नाही जी

यमूताई कुठल्याही संस्थेत गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि डब्यांची झाकणं उघडून बघायच्या. अध्यक्ष आणि चिटणीस बाहेर सतरंजीवर हार घेऊन ताटकळत बसलेले आणि ह्या आत तांदळाच्या कोठीत वाकलेल्या. लोकांना राग यायचा. मलाही सुरुवातीला तो अगोचरपणाच वाटला. मग एकदा त्याच म्हणाल्या, "अगं, तोंडानं विचारलं तर कोणी खरं सांगते का? आपण तरी सांगतो का?"

नागपूरच्या धरमपेठेत बापूजी नावाच्या एका सधन गृहस्थांनी आपल्या आईच्या नावानं धर्मादाय निधी काढला होता. महिला मंडळं, वाचनालयं, बालवाड्या यांना तो दरसाल अनुदान द्यायचा. कोणाला द्यायचं आणि दिलेल्याचं काय झालं, हे बघणं यमूताईंचं काम. मी तिथली टायपिस्ट. यमूताई भावाच्या घरी मागच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि अर्धं आयुष्य एसटीत काढल्यामुळे उन्हानं पार काळवंडल्या होत्या. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणायच्या, "कुहीची गाडी चुकली असती."

कुहीची गाडी त्यांना रुख्मिणीसाठी धरावी लागायची. तिकडे सगळा धानाचा मुलूख. रोवणी लागली, म्हणजे धानाची रोपं लावायचे दिवस आले, की बाया दिवसभर गुडघाभर चिखलात आणि लेकरं धुऱ्यावर, बांधावरच्या एखाद्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून टाकलेली. रुख्मिणीच्या नणंदेचं लेकरू तिथंच साप चावून गेलं. तेव्हापासून रुख्मिणीनं गावातली लेकरं आपल्या छपरीत गोळा करायला सुरुवात केली आणि तिची बालवाडी झाली. अनुदानातून तिला थोडा पगार मिळायचा, लेकरांना दुधाची पावडर आणि सांजा. ते बंद पडलं तर रुख्मिणीलाच दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणीला जावं लागणार, आणि लेकरं पुन्हा धुऱ्यावर. इतकं सरळ होतं ते.

चौऱ्याहत्तर साली बापूजींच्या मनात आलं की आपण स्वतः जाऊन सगळं डोळ्यांनी बघावं. यमूताई आदल्या आठवड्यात जाऊन रुख्मिणीला बजावून आल्या. पावडर संपली ते सांग, छप्पर गळते ते सांग, लाजू नको. रुख्मिणी हो म्हणाली.

आम्ही जीपमधून उतरलो तर छपरी सारवलेली, दारात रांगोळी, लेकरांच्या डोक्यावर चपचपीत तेल. कपबश्या पाटलाच्या घरून मागून आणलेल्या. बापूजी खाटेवर बसले, पाणी प्यायले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि अगदी मनापासून म्हणाले, "रुख्मिणीबाई, मोकळेपणानं सांगा. काय कमी आहे तुम्हाला?"

रुख्मिणीनं पदर सावरला. "काही कमी नाही जी. तुमच्या किरपेनं सारं हाये."

यमूताई लगेच म्हणाल्या, "रुख्मिणे, तो पावडरचा डबा आण बरं इकडे."

रुख्मिणी नुसती हसली. "राहू द्या न बाई. पाहुणे खाऊन राहिले."

परतताना जीपमध्ये बापूजींचे डोळे भरून आले होते. "वा, बहुत बढिया. अशी संस्था पाहिजे. आता यांना आपली गरज नाही. ज्याला गरज आहे त्याला देऊ."

त्या साली ते अनुदान सक्करदऱ्याच्या एका मंडळाला गेलं. तिथल्या बाईंनी बापूजींसमोर डोळ्याला पदर लावला होता, आणि त्यांचंही काही खोटं नव्हतं. यमूताई बैठकीत भांडल्या. मी तो डबा बघितला आहे, रिकामा आहे, म्हणाल्या. बापूजी शांतपणे म्हणाले, "ताई, मी तिच्या तोंडून ऐकलं. तिचं खरं मानू का तुमचं?" माणूस दुष्ट असता तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण तो भला होता, आणि भल्या माणसापुढे काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

यमूताई तशाच उठून कुहीला गेल्या. नागपूरला चल, बापूजींना स्वतः सांग, म्हणाल्या. रुख्मिणी जागची हलली नाही.

"एवढा मोठा मानूस दारात आला, आपल्या घरचं पानी पेला. त्याच्यापुढं रडू का मी? अन् आता जाऊन बोललेलं फिरवू? आपल्याले नाही जमत जी."

यमूताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या तिच्यावर चिडलेल्या नव्हत्या. "मी तरी काय सांगितलं असतं?" एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आषाढात समितीनं ठराव केला की बंद पडलेल्या बालवाडीतल्या निधीच्या सतरंज्या परत आणाव्यात. आम्ही दोघी गेलो. रस्त्यावरूनच दिसत होतं. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला तीन-चार झोळ्या टांगलेल्या होत्या, आणि जरा मोठी पोरं खाली चिखलात बसून होती. रुख्मिणी बांधीत वाकलेली. आम्हाला बघून ती वर आली, पाय धुतले आणि आम्हाला घरी घेऊन गेली. सतरंज्या तिनं आधीच धुऊन घडी करून ठेवल्या होत्या. तिनं चहा केला, बिनदुधाचा. पावडरचा डबा कोनाड्यात होता, घासून लख्ख केलेला.

"कसं चाललंय गं?" यमूताईंनी विचारलं.

"ठीक हाये जी. काही कमी नाही."

डबा यमूताईंच्या हाताशी होता. मी वाट बघत राहिले. त्यांनी कप उचलला, चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर बरीच वर्षं त्या नोकरीत होत्या. कुठंही गेल्या की बाहेर सतरंजीवर बसायच्या, हार घालून घ्यायच्या आणि लोक सांगतील ते लिहून आणायच्या. मी ते टाइप करायचे. लोकांना त्या आवडायला लागल्या होत्या.