हरणाबाईचा खांदा

तासगावच्या पूर्वेला द्राक्षबागांचा जो पट्टा आहे, तिथल्या एका वाडीत हरणाबाई राहायची. वय बावन्न. नवरा केरबा ग्रामपंचायतीचं पाणी सोडायच्या कामावर, आणि ती स्वतः वीस वर्षं बागांच्या टोळीत. थिनिंगच्या दिवसांत तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत नव्हती. घडातले नको ते मणी बारक्या कात्रीनं काढून टाकायचे, ते काम. मांडवाखाली उभं राहून, मान मागं टाकून, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून आठ-आठ तास. डोळ्यांत चीक पडतो, दंड दगडासारखे होतात. हरणाबाई मात्र पहिली ओळ धरायची आणि इतर बायकांच्या आधी बांधाला लागायची. टोळीची मुकादम क्रांती तिच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. नव्या पोरींना ती सांगायची, "अक्काच्या हाताकडं बघा. मला इचारू नका."

मे महिन्याच्या शेवटी, वेलींच्या फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी काढून टोळी घरी परतत होती. छोट्या हत्ती टेम्पोत चौदा बायका दाटीवाटीनं उभ्या. वाडीच्या फाट्यावर उतरताना हरणाबाईचं पातळ फळीच्या खिळ्यात अडकलं आणि ती उजव्या हातावर पडली. काडकन आवाज झाला, तो गाडीतल्या सगळ्यांनी ऐकला.

केरबानं तिला हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्याचा स्वतःचा पाय लहानपणी तिथंच बसवला होता, त्यामुळं दवाखान्याचा विषयच निघाला नाही. त्या माणसानं तेल चोळलं, हात ओढला, बांबूच्या कांबी लावल्या आणि हात छातीशी घट्ट बांधून टाकला. "दोन म्हैने सोडायचा न्हाई," म्हणाला. दोघांनीही ते तंतोतंत पाळलं. केरबा तिला जेवण भरवायचा, तिची वेणी घालायचा. त्याला वेणी कुठली येणार? दावं वळावं तसे तो केस वळायचा आणि वर गाठ मारायचा. शेजारणी हसायच्या, हरणाबाईही हसायची. दोन महिन्यांचा तर प्रश्न होता.

जुलैअखेर पट्ट्या सोडल्या. हाड जुळलं होतं. पण हात वर जाईना. मांडीवरून उचलला की वीतभर यायचा आणि कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा थांबायचा. पुढं नेला तर डोळ्यांपुढं अंधारी. कुशीवर झोपता येईना, झंपराचं बटण लागेना.

क्रांतीनं तिला आपल्या स्कुटीवर मागं बसवून तासगावला नेलं. स्टँडच्या मागच्या गल्लीत अफसाना नावाच्या मुलीनं फिजिओथेरपीचा दवाखाना काढला होता. सत्तावीस-अठ्ठावीसची, मिरजेची. एक खोली, दोन खाटा, शेक द्यायचं मशीन, छताला टांगलेली दोरी-कप्पी. क्रांतीच्या आईचे गुडघे तिनंच चालते केले होते.

अफसानानं आधी एक्स-रे फोटो काढून आणायला सांगितला. तो तिनं उजेडाकडं धरून नीट पाहिला.

"मावशी, हाड थोडं वाकडं जुळलंय. आणि सांधा पार धरलाय. हात एवढे दिवस बांधून ठेवायचा नसतो. दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू हलवायला सुरुवात करायची असते."

"आमाला कोण सांगणार गं बाय?" हरणाबाई म्हणाली. "आता हुईल का पैल्यासारका?"

"खांद्याएवढा मी आणीन. त्याच्या वर किती जाईल ते आज सांगू शकत नाही. प्रयत्न करू."

हरणाबाईनं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं तिच्या कानावरून गेलं.

मग एक दिवसाआड तासगाव. आधी शेक, मग अफसाना तिला खाटेवर आडवी करून खांदा एका हातानं दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं दंड इंचाइंचानं वर न्यायची. हरणाबाई पदराचा बोळा तोंडात धरायची. घरी करायचे व्यायाम वेगळे. वाकून हात पाण्याच्या बादलीसारखा लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं वाईट हाताला वर ढकलायचं. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची, जिथं थांबतील तिथं खूण करायची. हरणाबाईनं चुलीतला कोळसा घेतला आणि न्हाणीशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर खुणा करायला लागली.

ऑगस्टभर खुणा वर सरकत राहिल्या. आज बोटभर, उद्या अर्धं बोट. गणपती बसले त्या आठवड्यात ती उजव्या कुशीवर झोपली. नंतर एका सकाळी केरबा फणी घेऊन आला, तर ती अंगणात बसून स्वतःच अंबाडा घालत होती. मान वाकडी करून, दात आवळून, पण घालत होती. केरबा फणी हातात धरून तसाच उभा राहिला.

"आवं, बघताय काय?" ती म्हणाली. "सुटलात तुमी."

त्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर तिनं अफसानाला पाठमोरं होऊन अंबाडा दाखवला. अफसाना टाळी वाजवून हसली. कपाटातून खजूर काढून दिला. हरणाबाईला वाटलं, आता दिवाळीपर्यंत मांडवाखाली जाता येईल.

पण दसऱ्याच्या आसपास खूण थांबली. खांद्याच्या रेषेला येऊन थांबली. हरणाबाईनं व्यायाम दुप्पट केले, पहाटे केले, जेवणाआधी केले. रात्री खांदा ठणकायचा, म्हणून केरबा मीठ भाजून पुरचुंडीनं शेकायचा. पाच आठवडे कोळशाच्या खुणा एकीवर एक पडत राहिल्या आणि तिथं काळा डाग झाला.

अफसानानं तिला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं, सोबत स्वतः गेली. डॉक्टरांनी दुसरी तपासणी केली. पडताना खांद्याचा स्नायूही तुटला होता, तो आता आखडून मागं सरकला आहे, म्हणाले. ऑपरेशन करता येईल, पण हात डोक्यावर जाईलच असं लिहून देणार नाही. परत येताना एसटीत हरणाबाई खिडकीबाहेर बघत होती. बागांची फळछाटणी होऊन महिना झाला होता, नव्या पानांनी मांडव भरत होते.

"न्हाई करायचं," ती एवढंच म्हणाली. अफसानानंही आग्रह धरला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी थिनिंग सुरू झालं. हरणाबाई कात्री पदरात बांधून फाट्यावर जाऊन उभी राहिली. क्रांतीनं तिला गाडीत घेतलं आणि नेहमीची पहिली ओळ दिली.

पहिला घड तिनं डाव्या हातानं उजव्याचं कोपर वर ढकलून धरून केला. दुसराही तसाच. मग कात्री डाव्या हातात घेतली, पण डावा हात शिकलेला नव्हता. नको ते मणी राहिले, हवे ते पडले. तासाभरात खांद्यातून कळा हातभर खाली उतरल्या. तरी ती पुढं सरकत राहिली, आणि आपण चालतोय तर खरं, असं तिला वाटलं. दुपारी भाकरीला बसायच्या आधी तिनं सहज मागं वळून पाहिलं. शेजारच्या ओळीतली बाई हात लांब करून हरणाबाईच्या वेलीचे घड नीट करत होती. तिच्या मागं क्रांती. सकाळपासून त्या दोघी आपलं काम सांभाळून तिचंही उरकत होत्या.

 हरणाबाईनं कात्री पुसली, बांधावर जाऊन बसली आणि संध्याकाळची गाडी निघेपर्यंत तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर गेली नाही. संध्याकाळी क्रांती घरी आली. "अक्का, बायकांना पाणी दे, डबं सांभाळ. पन टोळीत ऱ्हा."

"पानी द्यायला पोरगी बघ कुनाची," हरणाबाई म्हणाली. "मी थिनिंगची बाई हाय."

त्या आठवड्यात ती अफसानाकडं शेवटची गेली. अफसानाच्या अंगठ्याला पट्टी होती. दिवसभर लोकांचे सांधे दाबून दाबून तिचाच अंगठा धरला होता.

"मावशी, घरचे व्यायाम सोडू नका. सोडलेत तर आहे तेवढंही जाईल."

"आन केलं तर?"

अफसाना पट्टी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "केलेत तर एवढंच राहील."

हरणाबाईनं मान हलवली. ही पोरगी खोटं बोलत नाही, एवढं तिला माहीत होतं.

जानेवारीत शेजारची चंद्राबाई न्हाणीत घसरून पडली. मनगट सुजून वांग्याएवढं झालं. हरणाबाई चपला न घालताच धावली. "दवाखान्यात न्या. बांधून ठिवू नका. तासगावला अफसाना हाय, तिला फोन लावा," असं तीन-तीनदा सांगत राहिली. चंद्राबाईच्या मुलानं, यशराजनं, गाडी काढली होती. तो उद्धट पोरगा नव्हता. शांतपणे म्हणाला, "काकू, तुमी चार म्हैने गेलासा तिच्याकडं. हात कुटं वर गेला?"

हरणाबाईला सांगायचं होतं, की मी तिथं उशिरा पोचले रं, जेवढा हालतोय तेवढा तिच्यामुळंच हालतोय.  त्याऐवजी नुसता हात वर करून दाखवावा म्हणून तिनं उचलला, तो खांद्यापाशी थांबला. यशराजनं तो पाहिला, आईला आधार देऊन गाडीत बसवलं आणि गाडी हाड बसवणाऱ्याच्या गावाकडं वळवली.

फेब्रुवारीत हरणाबाई बेदाण्याच्या शेडमध्ये लागली. तिथं हात वर करावा लागत नाही. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत फरशीवर मांडी घालून, मान खाली करून, समोरच्या ढिगातून काळे, फुटके दाणे आणि काड्या वेचून काढायच्या. बायका बोलत असतात, वर पत्रा तापत असतो. तिच्या ओळीत तिच्याएवढ्याच वयाच्या आणखी सात-आठजणी आहेत. कुणाची कंबर गेलेली, कुणाचा गुडघा. बागेतून निघालेल्या बायका इथंच येतात, हे तिला आत गेल्यावर कळलं.

महिन्याभरात तिची मान धरायला लागली. सकाळी उठताना डोकं दोन्ही हातांनी उचलावं लागे. केरबा म्हणाला, "एकदा त्या पोरीकडं जाऊन येऊया का?"

"कशापायी?" हरणाबाई डबा भरत म्हणाली. "ती शानी हाय. ती म्हनंल, खाली मान घालून बसू नका."

आणि ती शेडवर निघून गेली.