दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी मागे बसून माझी पाळी यायची वाट बघत होते. पुढे एक कॉलेजातली मुलगी शिकत होती. चौकात म्हैस आडवी आली आणि गाडी अलगद थांबली. "सर, जमलं मला!" ती हरखून म्हणाली. सर नुसते हसले. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो त्यांनीच दाबलेला मला मागून दिसला होता.

वॉर्डात मी हेच करते. नवी नर्स सुनीता सलाइनचा वेग चुकवते, तेव्हा तिची पाठ वळली की मी तो गुपचूप नीट करते. बोलून तिला घाबरवायचं कशाला, असं वाटायचं. "सिस्टर, आता माझं काही चुकत नाही," ती परवा म्हणाली, तेव्हा मीही अशीच हसले होते. पुढच्या आठवड्यात मी रिटायर होतेय. मग तिच्या मागून फिरणारा हात नसेल, आणि तो होता हेही तिला ठाऊक नसेल.

"चला, आता तुम्ही," सर म्हणाले. मी स्टेअरिंगवर बसले. सिग्नलला ब्रेक दाबला, गाडी थांबली. कुणाच्या पायाने, ते बघायचा मला धीर झाला नाही.