रोहिणीच्या आपा

संगणक बिघडला की लोकांचे चेहरे पडतात. आपांचा खुलायचा. कुणाचा प्रोग्राम अडला, पडद्यावर लाल ओळ उमटली, की त्या दुपट्टा कमरेला खोचून त्या मुलाच्या मागे येऊन उभ्या राहत आणि म्हणत, "बिघडलं का? चला, आता मजा येते." हात मात्र पाठीमागे बांधलेले. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "हात तुहा, चूक तुही, मजा बी तुहीच," असं त्यांचं म्हणणं. चूक सापडली की त्या हसायच्या. मोठ्याने नाही, नुसतं डोळ्यांत. त्यांच्या संगणकाच्या क्लासमध्ये हे हसू सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला आलं असेल तर रोहिणीच्या. आणि ते मोजत बसण्यात माझी शाळेची शेवटची वर्षं गेली.

परतवाड्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आपांच्या भावाचं टायरचं दुकान होतं. त्याच्यावरच्या खोलीत आपांचा क्लास. जिना लोखंडी, उन्हाळ्यात कठड्याला हात लावता येत नसे. खालून रबराचा वास आणि धारणीला जाणाऱ्या जीपवाल्यांच्या हाका वर यायच्या. आपा मूळच्या अकोल्याच्या, जुन्या शहरातल्या. तिथेच त्या बी.एस्सी. झाल्या, तिथेच कुणाच्या तरी ऑफिसात संगणक शिकल्या. भाऊ धंद्यासाठी परतवाड्याला आला तेव्हा त्याही आल्या, सोबत दोन जुने संगणक घेऊन. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "फुरसत कुठं भेटली." संगणकांना त्यांनी उरल्यासुरल्या सलवारींच्या कापडाचे झगे शिवले होते, कुणाला जरीची किनार, कुणाला टिकल्या. सकाळी ते झगे काढून घड्या घालायचं काम आवडत्या विद्यार्थ्याचं. ते काम रोहिणीचं होतं, हे सांगायला नकोच.

रोहिणीचे वडील जीप चालवायचे. माझे वडील शेजारच्याच अचलपूरच्या कोर्टात वकील. आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर. शाळेत मी तिच्या पुढे असायचे, पण तो जिना चढला की सगळं उलटं व्हायचं. मी पुस्तकातला प्रोग्राम बरोबर उतरवायचे आणि तो चालायचा. रोहिणी काहीतरी स्वतःचं लिहायची आणि ते अडायचं. आणि आपा तिच्यामागे जाऊन उभ्या. माझं चाललंय म्हणून माझ्याकडे कुणी यायचंच नाही. एकदा मी मुद्दाम एक ओळ चुकवून ठेवली. आपा आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "हे तू जानून केलं." आणि रोहिणीकडे वळल्या. पाहुण्यांना ओळख करून देतानाही "ही आमची रोहिनी," आणि मग माझ्याकडे हात करून, "अन ही वकीलसाहेबांची." मी त्यांची कधी झालेच नाही.

बारावीचे निकाल लागले की आपांचा जिना पेढ्यांचे पुडे घेऊन येणाऱ्यांनी वाजायचा. पोराला आयटीला टाकावं की नाही, हे विचारायला आई-बाप यायचे. कुणाच्या भाच्याला पुण्यात नोकरी लागलेली, कुणाला वाटायचं आयटी म्हणजे एसीत बसणं. आपा त्यांना खाली टायरांवर बसवून चहा पाजायच्या आणि पोराला वर न्यायच्या. त्याच्यासमोर एक बिघडवलेला प्रोग्राम ठेवायचा आणि स्वतः खिडकीशी बसून लसूण सोलायचा. पोरगं काय शोधून काढतं याकडे त्यांचं लक्ष नसे. ते चिडतं का, घड्याळ पाहतं का, की चहा थंड झाला तरी विसरतं, एवढंच त्या पाहत. मग खाली येऊन आई-बापांना जे वाटलं ते सांगून टाकायच्या. वरूडच्या एका संत्रा-व्यापाऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "तुमचा पोरगा माल पाह्यल्यासारखा मशीनकडं पाहून राह्यला होता. त्याले मंडीत न्या, तो तिथं राज करंल." व्यापारी रागावून पेढे परत घेऊन गेला.

आमच्या वर्षी आम्ही दोघी एकदमच बसलो. रोहिणी थोड्या वेळाने खुर्चीवर मांडी घालून बसली, पेन्सिल केसांत खोचली, आणि मग ती खोलीत उरलीच नाही. मीही चूक शोधली. मला वाटतं तिच्याआधीच शोधली. आपांनी लसणाची परडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू पडद्याकडं पाह्यलंच नाही जास्त. रोहिनीकडं पाहून राह्यली होती. तुले आयटी करायचं हाय, का रोहिनीच्या मांगं जायचं हाय?"

मी म्हटलं, "मले आयटीच करायचं आहे."

"मंग कर," त्या म्हणाल्या. "पन हे माह्या सांगन्यावरून नाही."

घरी बाबा खूश होते. कोर्टातली धूळ आणि तिथली भाषा मुलीच्या वाट्याला येऊ नये असं त्यांना वाटायचं. दोघींनी अमरावतीला एकाच कॉलेजात प्रवेश घेतला, हॉस्टेलची खोलीही एकच. पुढचं कुणालाही सांगता येईल. रोहिणी फुलली. मी पास होत गेले, आणि चांगल्या गुणांनी झाले, म्हणून कुणाला काही कळलं नाही. मी पाठ करायचे. परीक्षा झाली की डोकं धुतल्यासारखं रिकामं व्हायचं. रोहिणी जेवताना हवेत बोटांनी काहीतरी जुळवत बसायची आणि मला वाटायचं, हिच्या आत एक खोली आहे आणि तिची किल्ली मला कुणी दिलीच नाही. ती माझी नक्कल करत नव्हती, माझ्याशी स्पर्धाही करत नव्हती. तिला माझ्या हेव्याचा पत्ताच नव्हता. हेव्याला यापेक्षा मोठा मार नाही.

दुसऱ्या वर्षी आपा डोळे दाखवायला अमरावतीला आल्या आणि आम्हाला भेटायला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसल्या. येताना भावाच्या घरचे शामी कबाब आणले होते. रोहिणीने तिच्या नव्या प्रोजेक्टचं सांगायला सुरुवात केली आणि आपांच्या डोळ्यांत ते हसू आलं. मी कबाब खात राहिले. सांगून झालं तशा त्या माझ्याकडे वळल्या. "अन तू काय करून राह्यली?"

अभ्यासाचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी मेसचं सांगितलं. मेसवाला ठरलेलं जेवण देत नव्हता. मी मुलींच्या सह्या घेतल्या, त्याचा करार मिळवून वाचला, वॉर्डनसमोर त्याला त्याच्याच करारातली कलमं दाखवली. तो एक बोलला, मी त्याला दुसरं कलम दाखवलं. तो ओरडला, मी आवाज खाली आणला. सांगता सांगता मी उभी राहिले होते हे मला नंतर कळलं. शेजारच्या टेबलावरची मुलंही ऐकत होती.

आपांनी चहाचा कप तसाच धरला होता. त्या म्हणाल्या, "तुह्या चहावर साय आली, पाह्य. मी तुले इतकी वर्षं ओळखते, पन आज पह्यल्यांदा भेटली तू मले. हे जे तू शिकून राह्यली कॉलेजात, हे तुहं हाय का वं?"

मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. मी म्हटलं, "आता विचारता?"

"मी तं आंधीच इचारलं होतं. तवा तू ऐकलं नाही."

पुढच्या सुट्टीत मी घरी सांगितलं की मला वकिली शिकायची आहे. बाबा तिसऱ्या दिवशी मला घेऊन थेट आपांच्या जिन्यावर चढले. त्यांना वाटत होतं, बिघडवलं या बाईने, तर दुरुस्तही हीच करेल.

"मॅडम, समजवा हिले," बाबा म्हणाले. "चांगली पास होऊन राहिली आहे. आता काहून सोडते?"

"पास होऊन राह्यली तेच तं वाईट झालं, वकीलसाहेब. नापास झाली असती तं लवकर समजलं असतं."

"अन दोन वर्षं गेली त्याचं काय?"

"ते गेले. अजून दोन जाऊ द्यायचे का?"

बाबा खिडकीकडे गेले. "कोर्ट काय असते हे तुम्हाले माहीत नाही. मी रोज जातो तिथं."

"तुम्हाले माहीत हाय ना? मंग तिले सोबत न्या," आपा म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

मी वकील झाले. पहिल्या दिवशी काळा कोट घालून त्यांना दाखवायला गेले, तर त्यांनी माझ्या गळ्यातला पांढरा बँड नीट केला, म्हणाल्या, "उलटा लावला होता," आणि लगेच रोहिणीला पुण्यात मिळालेल्या बढतीचं सांगायला लागल्या. मी ऐकलं. दुसरं काय करणार. मी अचलपूरला राहिले म्हणून मी रोज दिसणारी होते, आणि रोज दिसणाऱ्याचं कौतुक होत नसतं.

हळूहळू क्लास बंद पडला. पोरं मोबाइलवर शिकू लागली. आपांच्या किडन्या थकल्या तेव्हा त्यांना अमरावतीला दवाखान्यात मी न्यायचे. रस्ताभर विषय रोहिणीचा. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. मी समोर बसलेली असताना त्या म्हणायच्या, "जरा हळू बोल, रोहिनीचा फोन येनार हाय." मी त्यांच्यासाठी संत्री सोलत बसायचे आणि मनात म्हणायचे, बाई, तुमची औषधं मी आणते, तुमच्या भावाच्या दुकानाची केस मी लढते, आणि वाट तिची पाहता. बोलले मात्र कधीच नाही. हिवाळ्यात एका सकाळी त्या गेल्या. रोहिणीला फोन मीच केला. तेव्हाही मनात आलं की तिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं ठरणार.

ती दोन दिवसांनी आली. आपांच्या भावजयीला भेटून आम्ही वरच्या खोलीत गेलो. संगणक केव्हाच भंगारात गेले होते. जमिनीवर टेबलांच्या पायांचे चौकोनी डाग राहिले होते. रोहिणी खिडकीशी बसली, मी भिंतीला टेकून. तिचं बोलणं आता अगदी पुण्याचं झालं होतं.

"मला तुझा फार राग यायचा," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माझा? कशाबद्दल?"

"त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी तुला विचारलं, हे तुझं आहे का म्हणून. मला कधीच नाही विचारलं. मी तिथंच बसले होते ना. वाटलं, आता माझ्याकडे वळतील. नाही वळल्या. रविवारी फोनवरही कामाचं विचारायच्या, पगाराचं, जेवणाचं. ते नाही." ती थोडी हसली. "मी चांगली होते ना त्यात. चांगल्या मुलीला कोण विचारतं?"

इतकी वर्षं हिच्याकडे काय आहे तेच मी पाहिलं होतं. काय नाही, ते एकदाही नाही. खाली एक जीप भरत आली होती आणि ड्रायव्हर उरलेल्या एका जागेसाठी हाका मारत होता.

"मग मी विचारते," मी म्हटलं. "रोहिणी, तुले आवडते का हे काम?"

"हो, छान चाललंय की," ती लगेच म्हणाली. तिच्या आवाजात सवयीचा गुळगुळीतपणा होता, ऑफिसात कुणी विचारल्यावर देतात तसा. जीप निघून गेली, धूळ खिडकीपर्यंत आली आणि बसली, तरी ती बाहेरच पाहत होती. शेवटी माझ्याकडे न वळता तिने म्हटलं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती परतवाड्याच्या बोलीत बोलली:

"अजून एकदा इचार."