गायक परत येण्याची वाट

मुलांनो, आजोबा फोनवर तुमच्याशी दोन वाक्यं बोलून लगेच फोन माझ्याकडे का द्यायचे, असं परवा तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहिते. नव्वदच्या दशकात आम्ही शारजात, अल मजाजला राहत होतो. आजोबा तरुणपणी लंडनला शिकायला होते आणि तिथून रेगे या जमैकन संगीताच्या रेकॉर्ड घेऊन आले होते. त्यांतली एक डबची रेकॉर्ड त्यांची फार लाडकी होती. डबमध्ये गायकाचा आवाज मध्येच काढून घेतात, नुसते ड्रम आणि बेस घुमत राहतात, आणि मग तो आवाज दुरून परत येतो. एका शुक्रवारी दुपारी पडदे ओढून, एसीच्या घरघरीत आम्ही ती ऐकत होतो. साइटवरच्या जनरेटरांपाशी वर्षं काढलेले आजोबा डोळे मिटून बसले होते. "थांब, आता तो परत येईल बघ," ते तुमच्या आईला म्हणाले. "बाबा, ही इज ऑलरेडी सिंगिंग," ती म्हणाली. "बापाची थट्टा करतेस होय?" असं म्हणत ते हसून माझ्याकडे वळले. मला हसता आलं नाही. त्यांनी आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. बेसने टीपॉयवरचे कप थरथरू लागले, पण माणसाचा आवाज काही त्यांच्यापर्यंत पोचेना. "खलास," एवढंच म्हणून त्यांनी सुई उचलली. तुमचे कोवळे आवाज तर त्यांना फोनवर कधीच ऐकू आले नाहीत, आणि तसं सांगायची त्यांना लाज वाटायची. ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे, आणि तिच्यातला गायक अजून स्वच्छ ऐकू येतो.